मृगाची रात्र : कुरवंडे, पुणे आणि तारकांच्या वर्णपटवेधाची पूर्वतयारी

मराठीत ‘वेध’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वेधशाळेत ग्रहताऱ्यांचा वेध घेतात, तो एक अर्थ. आणि ग्रहणापूर्वी काही प्रहर ‘वेध लागतात’, तो दुसरा. पहिल्या अर्थी वेध म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षण, दुसऱ्या अर्थी निरीक्ष्य घटनेच्या आधीचा नियमबद्ध काळ. दोन्ही अर्थ ‘व्यध्’ म्हणजे भेदणे या एकाच धातूपासून निघाले आहेत, आणि आकाशातील व्याधाचे नावही त्याच धातूचे आहे. ताऱ्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्याचा वर्णपट पाहण्याच्या विद्येचा महाराष्ट्रातील इतिहास तपासला, तर भाषेने जोडलेले हे दोन अर्थ शास्त्राच्या व्यवहारातही अलग करता येत नाहीत असे दिसते. वर्णपटाच्या कामात यश बहुधा फटीशी डोळा लावण्यापूर्वीच निश्चित झालेले असते. कोणता तारा, कोणत्या महिन्यात, कोणत्या घटकेला, कोणत्या तुलनाप्रकाशासह पाहावयाचा, हा निर्णय ज्याने नीट केला त्याच्याच निरीक्षणाला पुराव्याचे मोल येते.

हा निर्णय स्थळसापेक्ष असतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मावळातील कुरवंडे हे गाव, पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा आणि जुन्नरकडील गिरवली या तीन स्थळांच्या अनुषंगाने केला आहे.

१

लोणावळ्याच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर कुरवंडे वसले आहे. नागफणीचा सुळका तेथून जवळच आहे. देशावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटांपैकी एक येथूनच खाली जाते. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची मोगली फौज याच वाटेने उतरली आणि खालच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिची कोंडी केली. ज्याला भूमी ठाऊक त्याचा जय, असा त्या प्रसंगाचा धडा इतिहासकार सांगतात. आकाशवेधालाही तो लागू पडतो, कारण निरीक्षकाच्या दृष्टीने वातावरण हीदेखील एक भूमीच आहे.

कुरवंड्याच्या वातावरणाचे मुख्य लक्षण म्हणजे पाऊस. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर आणि कित्येक वर्षी त्याहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस साठ-पासष्ट किलोमीटरांवरील पुण्यात तो सुमारे सातशे मिलिमीटरांवर येतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर तारा दिसणे हाच अपवाद. तथापि वर्षाचा दुसरा अर्धा भाग उलट स्वरूपाचा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत हवा कोरडी असते, रात्री दीर्घ असतात आणि आकाश अनेक आठवडे निरभ्र राहते.

या दोन ऋतूंमधील नाते मराठी शेतकऱ्याच्या पंचांगात आधीच नोंदलेले आहे. जूनच्या सात-आठ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि पावसाची वाट पाहणे सुरू होते. त्या वेळी मृगाच्या तारका सूर्यासह दिवसा आकाशात असतात, म्हणून दिसत नाहीत. बरोबर सहा महिन्यांनी, डिसेंबरच्या मध्यास, तेच तारकापुंज मध्यरात्री माथ्यावर येते, आणि ते नेमके कोरड्या हवेच्या दिवसांत. ज्या नक्षत्राच्या नावाने पाऊस येतो, त्याच नक्षत्राचा वेध घेण्यास पाऊस संपूर्ण सवड देतो. पश्चिम महाराष्ट्रातील वर्णपटनिरीक्षकाला निसर्गाने दिलेली ही सर्वांत मोठी अनुकूलता होय, आणि पुण्याच्या वेधशाळेचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण याच तारकापुंजातील तेजोमेघाचे होते.

२

सूर्य आणि तारे कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हे मनुष्यास कळणे शक्य नाही, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठमोठे विचारवंत मानीत असत. जोसेफ फ्राउनहोफर याने १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातील शेकडो काळ्या रेषांची पद्धतशीर नोंद केली होती. पण त्या रेषा म्हणजे मूलद्रव्यांच्या सह्याच आहेत हे १८५९ मध्ये किर्खोफ आणि बुन्सेन यांनी दाखविले. ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे अक्षर. ‘वर्णपट’ या मराठी संज्ञेत हा दुहेरी अर्थ अनायासे आला आहे, आणि १८५९ नंतर तो सार्थही ठरला.

लवकरच ही विद्या हिंदुस्थानात आली, परंतु ती सूर्यग्रहणाच्या निमित्ताने. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी वर्णपटदर्शक लावला होता. पावसाळी ढगांतून मिळालेल्या फटीत त्यांना सूर्यकडेच्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी तशाच रेषा पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहता येतात हे सिद्ध केले. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी स्वतंत्रपणे हेच साधले. सोडियमच्या जोडरेषेजवळची जी पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना, तिच्या धन्याला पुढे हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर हा वायू रॅम्झी यांनी १८९५ मध्ये वेगळा केला.

येथे एका प्रचलित समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून, १८६८ मध्ये लॉकियर यांनी तेथूनच हेलियम शोधला असे सांगण्यात येते. वस्तुतः १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होते. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे शोधानंतर तीस वर्षांनी. दोन ग्रहणांची स्मृती लोकांच्या मनात एकत्र झाली आणि दुसऱ्याचे स्थळ पहिल्याच्या कीर्तीस जोडले गेले. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही; ते निराळ्या कारणासाठी आहे एवढेच.

३

वर्णपटविद्येचा महाराष्ट्रातील स्थायी संसार मात्र ग्रहणावर नव्हे, तर एका पारशी प्राध्यापकाच्या चिकाटीवर उभा राहिला. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्रायोगिक भौतिकी शिकवीत. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी कॉलेजास भेट दिली व वर्णपटविषयक प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली. १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले. तेथील ज्योतिर्विदांशी, विशेषतः लॉकियर यांच्याशी, झालेल्या विचारविनिमयानंतर प्रयोगशाळेच्या कल्पनेचे रूपांतर ताऱ्यांच्या वर्णपटासाठी खास वेधशाळा उभारण्याच्या योजनेत झाले.

मग स्थळाचा प्रश्न आला. मुंबईची दमट, धुरकट हवा या कामास अयोग्य, म्हणून वेधशाळा बोरघाटाच्या वर, पुण्यास नेण्याचे ठरले. नायगमवाला १८८५ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये रुजू झाले आणि १८८८ मध्ये वेधशाळेचे काम सुरू झाले. तिची डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी व पुढेही दीर्घकाळ हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. घाटमाथा ओलांडून पर्जन्यछायेत येण्याचा हा निर्णय म्हणजे वर्णपटाच्या रात्रीची पहिली योजना होय. तीत दिवस वा घटका ठरली नव्हती, केवळ हवा ठरली होती.

४

या सिद्धतेची कसोटी लवकरच लागली. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यात ताऱ्यांसारखा अखंड पट्टा नसून थोड्या तेजस्वी रेषाच आढळल्या. त्यांपैकी सर्वांत ठळक हिरवी रेषा सुमारे ५००७ आंग्स्ट्रॉम या तरंगलांबीस पडत होती. ती कोणाची, हे ठरेना. १८८७ नंतर लॉकियर यांनी आपला उल्कासिद्धान्त मांडला. त्यांच्या मते सर्व ज्योती मूळच्या उल्कासमूहांच्या आहेत. उल्कांमध्ये मॅग्नेशियम विपुल असते. आणि जळत्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात याच जागी एक पट्टा दिसतो. तेव्हा तेजोमेघाची हिरवी रेषा म्हणजे त्या पट्ट्याचा उरलेला अवशेष होय. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. वाद वाढला, कारण त्यावर संपूर्ण सिद्धान्ताचे भवितव्य अवलंबून होते.

प्रश्न सोडविण्याचे दोन मार्ग होते. पहिला म्हणजे रेषेचे स्थान अचूक मोजणे. हा मार्ग कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत कीलर यांनी ३६ इंची दुर्बिणीच्या साहाय्याने १८९० च्या सुमारास अनुसरला. दुसरा मार्ग रेषेचे स्वरूप पाहण्याचा. मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेस तीक्ष्ण असतो आणि जांभळ्या बाजूकडे पन्हळीसारखा विरत जातो. तेजोमेघाची रेषा त्याचा अवशेष असेल, तर तीही एका बाजूस विरलेली दिसली पाहिजे. नायगमवाला यांनी हा दुसरा मार्ग घेतला. मृगातील महातेजोमेघाचे त्यांनी अधिकाधिक वर्णविस्तार देऊन निरीक्षण केले आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: रेषा दोन्ही कडांस तीक्ष्ण आहे, ती पट्ट्याचा अवशेष नाही.

वेधशाळेची दिशा ज्यांच्या सल्ल्याने ठरली, त्या लॉकियर यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध हा निर्णय होता. एका वसाहतीतील, एकट्याने काम करणाऱ्या तरुण प्राध्यापकाने तो निःसंकोचपणे छापला, यात त्यांचे शास्त्रीय चारित्र्य दिसते. परंतु त्याहून महत्त्वाचे हे, की असा निष्कर्ष तयारीवाचून काढताच येत नाही. वर्णविस्तार वाढविला की प्रकाश अधिक लांबीवर पसरतो आणि क्षीण होतो. फट अरुंद केली की तो आणखी घटतो. आणि फट रुंद ठेवली तर कोणतीही रेषा पसरट दिसते. म्हणजे रेषेची कड खरोखर तीक्ष्ण आहे की नाही हे पाहावयाचे, तर प्रकाशाचा कणही वाया जाता कामा नये. चंद्र नसावा, तेजोमेघ शक्य तितका उंच असावा, हवा स्थिर असावी, आणि काचेवरील चांदीचा मुलामा, जो पावसाळी दमटपणात काळवंडतो, तो उजळ असावा. पुण्याच्या क्षितिजावरून मृगाचा तेजोमेघ सुमारे ६६ अंश उंच चढतो. लंडनमध्ये तो ३३ अंशांच्या आसपासच राहतो. अक्षांशाचा हा लाभ नायगमवाला यांच्या बाजूने होता.

त्या रेषेचे कोडे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडविले. ती मॅग्नेशियमची नव्हे, कोणत्या नव्या मूलद्रव्याचीही नव्हे. दोन विद्युत्कण गमावलेला प्राणवायू अतिविरळ अवस्थेत असताना ती देतो. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत तेवढी विरळ अवस्था साधत नसल्यामुळे ती कोणी पाहिली नव्हती. पुण्यात १८९१ मध्ये जे नकारात्मक उत्तर मिळाले, ते छत्तीस वर्षांनी होकारात्मक शोधात परिणत झाले.

५

त्या रात्रीची तयारी आजच्या भाषेत मांडावयाची, तर कुरवंड्याचेच उदाहरण घेता येईल. हे गाव सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यास येथे सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की खरा अंधार पडतो, म्हणजे साधारण सव्वासातनंतर. पहाटे पावणेसहापर्यंत तो टिकतो. मृगाचा तेजोमेघ भारतीय प्रमाणवेळेनुसार साडेबाराच्या सुमारास याम्योत्तरवृत्तावर येतो. त्या क्षणी त्याचा प्रकाश माथ्यावरील वातावरणाच्या १.१ पट जाडीतून येतो. तीन तास आधी किंवा नंतर ही जाडी सुमारे १.६ पट होते आणि चार तासांवर २.३ पटींपर्यंत जाते. तेव्हा साडेनऊ ते साडेतीन हे सहा तास प्रमुख लक्ष्यासाठी राखावेत, आणि अधिक वर्णविस्ताराचे नाजूक काम अकरा ते दोनच्या दरम्यान करावे.

चंद्राचा विचार मराठी महिन्यानेच सुचतो. ज्या महिन्याची पौर्णिमा मृगशीर्षाजवळ होते तो मार्गशीर्ष. म्हणजे त्या पौर्णिमेला चंद्र आपल्या लक्ष्याशेजारीच असणार. म्हणून काम अमावास्येच्या बाजूस ठेवावे.

दिवसाची निवड केवळ अंधारासाठी नसते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सप्टेंबरात मृगाच्या दिशेने जाते व मार्चमध्ये त्यापासून दूर सरते. या गतीचा त्या दिशेतील वाटा सेकंदास सुमारे २६ किलोमीटरांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे ५००७ आंग्स्ट्रॉमची रेषा एका बाजूस सुमारे ०.४ आंग्स्ट्रॉमने सरकते. रेषेच्या स्थानावरच वाद असता, ही दुरुस्ती न करणारा निरीक्षक आपलीच गती तेजोमेघाच्या माथी मारील. डिसेंबरच्या मध्यास ही गती जवळजवळ शून्य असते. मृगासाठी मध्य डिसेंबर हा असा दोन्ही अंगांनी सोयीचा काळ आहे.

लक्ष्याइतकेच तुलनेचे तारे महत्त्वाचे. त्या रात्री ते आसपासच उपलब्ध असतात. रोहिणी थंड, नारिंगी तारा. तिच्यात धातूंच्या रेषांची गर्दी असते. व्याध तप्त, शुभ्र. त्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक, म्हणून उपकरणाची संवेदनशीलता तपासण्यास सोयीचा. मृगाच्याच शेजारी आर्द्रा आहे. तिच्या वर्णपटात टायटेनियम ऑक्साइडचे खरेखुरे पन्हळदार पट्टे असतात, एका कडेस तीक्ष्ण आणि तांबड्या बाजूकडे विरणारे. ज्याला १८९१ चा वाद डोळ्यांनी समजून घ्यावयाचा आहे, त्याने एकाच रात्री, त्याच फटीने, आर्द्रेचा पट्टा आणि तेजोमेघाची रेषा पाहावी. पट्टा म्हणजे काय आणि रेषा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. अगस्त्य मात्र कुरवंड्याहून दक्षिणेस अवघा साडेअठरा-एकोणीस अंश चढतो. तो पाहावयाचाच असल्यास दीडच्या आगेमागे, तो याम्योत्तरवृत्तावर असतानाच पाहावा. नंतर त्याचा निळा प्रकाश वातावरण झपाट्याने गिळते.

प्रत्येक तारकानोंदीच्या आधी वा नंतर ज्ञात वायूच्या दिव्याचा वर्णपट घेणे, सायंकाळच्या आकाशावर किंवा दिव्यावर उपकरणाची समता तपासणे, वेळ, तपमान, फटीची रुंदी आणि ढग यांची वहीत तत्क्षणी नोंद करणे, ही सारी कामे कंटाळवाणी वाटतात. परंतु दुसऱ्या दिवशी रेषेचे स्थान सांगणारा साक्षीदार तोच दिवा असतो. रात्र संपल्यावर आठवणीने लिहिलेल्या नोंदीस साक्षीचे मोल नाही.

६

नायगमवाला यांनी योजनेचा सर्वांत कडक प्रकारही अनुभवला. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला; लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांची तुकडीही तेथेच होती. खग्रास अवस्था अवघी दोन मिनिटांच्या आसपास, पण त्यासाठी कित्येक आठवडे सराव. त्याचा अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. ताऱ्यांच्या कामात उद्याची रात्र असते, ग्रहणात ती नसते. म्हणून पूर्वतयारीची शिस्त निरीक्षक बहुधा ग्रहणाकडूनच शिकतो.

एवढ्या शिस्तीने चाललेली ही वेधशाळा एका गोष्टीत मात्र अपुरी योजिली गेली. तिचा वारस तयार केला गेला नाही. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. तिची साधने कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेत गेली, आणि पुण्याची दुर्बीण तेथे ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या नावात दात्याची आठवण राहिली. पुण्याची राहिली नाही. एका रात्रीची योजना एक मनुष्य करू शकतो. चाळीस वर्षांची योजना संस्थेनेच करावी लागते.

पुणे जिल्ह्यात हे सूत्र पुन्हा जुळण्यास दीर्घ काळ लागला. आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राची, म्हणजे ‘आयुका’ची, स्थापना १९८८ मध्ये, तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्या केंद्राची दोन मीटर व्यासाची दुर्बीण पुण्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरांवर, गिरवली येथे २००६ मध्ये कार्यान्वित झाली. तिला वर्णपटलेखकही जोडलेला आहे. येथे स्थळनिवडीचा जुना तर्क पुन्हा दिसतो: सुमारे हजार मीटर उंची हवी, पण ऐन घाटकड्याचे ढग नकोत, विद्यापीठ जवळ हवे, पण शहराचा प्रकाश नको. १९१२ आणि २००६ यांच्यामध्ये चौऱ्याण्णव वर्षे आहेत.

७

शहराचा प्रकाश ही नायगमवाला यांच्या पिढीस फारशी न भेडसावलेली बाब. तिचा उगमही काही अंशी याच घाटमाथ्यावर आहे. लोणावळ्याच्या परिसरातील तलाव बांधून त्यांचे पाणी खोपोलीस उतरविण्यात आले आणि १९१५ मध्ये तेथील टाटांच्या जलविद्युत्केंद्रातून मुंबईला वीज जाऊ लागली. घाटावरच्या पावसाने पेटविलेले दिवे आज पश्चिम क्षितिजावर उजेडाच्या रूपाने परत येतात. कुरवंड्याच्या उत्तरेस लोणावळ्याचा, पश्चिमेस कोकणपट्टीचा आणि पूर्वेस पुण्याचा प्रकाश आहे.

वर्णपटनिरीक्षकाला हा प्रकाश नुसता उजेड म्हणून दिसत नाही, तो नावानिशी दिसतो. पाऱ्याच्या दिव्याची ५४६१ आंग्स्ट्रॉमची हिरवी रेषा, सोडियमच्या दिव्याची ५८९० व ५८९६ ची जोडी, नव्या पांढऱ्या दिव्यांचा निळ्या भागातील फुगवटा, हे सारे ताऱ्याच्या वर्णपटावर उमटते. हेलियमची ५८७६ ची रेषा सोडियमच्या त्याच जोडीच्या शेजारी आहे. ज्या रेषेमुळे १८६८ मध्ये सूर्यावर नवे मूलद्रव्य सापडले, तिच्या कुशीतच आज रस्त्यावरचा दिवा येऊन बसतो. तेव्हा निरीक्षकाने ताऱ्याच्या बाजूच्या रिकाम्या आकाशाचाही वर्णपट घेऊन तो वजा करावा, हा नियोजनातील नवा नियम झाला. वजाबाकी केल्यावरही दिव्याच्या प्रकाशाचा गोंगाट उरतोच. अंधाराची भरपाई गणिताने पूर्णपणे होत नाही.

एका अरुंद फटीतून हिरव्या रेषेच्या कडा पाहून पुण्यातील निरीक्षकाने एका बलाढ्य सिद्धान्ताचा आधार काढून घेतला, तो अंधारी आकाश, उंच चढणारे नक्षत्र, कोरडा ऋतू आणि काटेकोर तयारी या चार गोष्टींच्या बळावर. यांपैकी नक्षत्र आणि ऋतू निसर्गाने मावळाला कायमचे दिले आहेत. तयारी शिकता येते आणि शिकविताही येते. अंधार मात्र प्रत्येक पिढीने राखून पुढच्या पिढीच्या हाती द्यावा लागतो. आणि वेधशाळेचा वारस नेमण्याइतकेच ते काम आगाऊ योजावे लागते.